शिंकेची गोळी

आमच्या वडपे गावात शिंकेला फार भाव आहे. कुणी कामाला निघालं आणि कुणाला शिंक आली, की निघणारा परत येतो, घोटभर पाणी पितो आणि मगच उंबरा ओलांडतो. मी शहरात, निजामपुऱ्यात वाढले. तिथे लूमच्या कापसाने सगळी गल्लीच शिंकायची, आणि शिंकेपायी कुणी थांबलं असतं तर भिवंडीत कापडच विणलं गेलं नसतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. पण ते लवकरच आवरायला शिकले, कारण माझी सासू राहीबाई ही धवलारीण.

आमच्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून नवरी निघेपर्यंत एकेका विधीला ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. आधी तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा. मग देवांना लग्नाचं आवतण द्यायचं: गावदेवी, शिवेवरचा देव, खाडीकाठचा, डोंगरावरचा, आणि दोन्ही घरांतली गेलेली वडीलधारी माणसं, एकेकाला नावाने हाक मारून. त्यानंतर नवरानवरीची नावं गुंफत पुढचं गाणं. यातलं अक्षरही कुठे लिहिलेलं नाही. सासूला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी तिने लिहिलं नसतं. तिच्या आईने, मैनाआजीने, ते तिच्या डोक्यात घातलं आणि तिथेच ते राहिलं.

सासूला मी आत्या म्हणते. ती बारीक चणीची, तोंडाची फटकळ आणि आवाजाची खणखणीत. अंबाडीपासून खाडीपट्ट्यापर्यंत तिला बोलावणी यायची. लग्नाची तारीख ठरवण्याआधी लोक राहीबाईला वेळ आहे का ते विचारून जायचे, आणि ती मोठ्या साहेबासारखी "बघून सांगते" म्हणायची. बघायचं कुठे, तर डोक्यातच.

शिंका सुरू झाल्या त्या गोडाऊनं आल्यावर. आमच्याच भाताच्या शेतावर आता एक गोडाऊन उभं आहे आणि त्याच्याच ऑफिसात मी कॉम्प्युटरवर मालाच्या एंट्र्या करते. दिवसभर ट्रेलर ये-जा करतात, खोक्यांचा भुसा उडतो, ओटीवर बोटभर धूळ बसते. आत्याला सकाळी झाडू हातात घेतला की शिंकांची माळ लागायची. डोळे लाल, नाक गळतंय, आणि तोंडाने गोडाऊनवाल्यांचा उद्धार. घरी शिंका आल्या तर कुणाचं काही जात नव्हतं. पण मांडवात चौक भरताना पीठ नाकात जायचं. देवाला आवतण देताना धवलारीण शिंकली तर ते आवतण फुकट गेलं असं आमच्याकडे मानतात. मग पहिल्या देवापासून पुन्हा गायचं, आणि वर लोकांच्या मनात कायमची पाल चुकचुकते ती वेगळीच. पुढे त्या घरात काही वाईटवंगाळ झालं, की सगळ्यांना ती शिंक आठवते.

नाक्यावरच्या मेडिकलमध्ये तिला शिंकेची गोळी मिळाली. बारीक, पिवळसर, मसुराएवढी. एकदा लग्नाआधी घेऊन बसली आणि एकही शिंक आली नाही. झालं, गोळीची आणि तिची गट्टी जमली. आम्हा घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सर्दीची गोळी कोण घेत नाही?

माझी मुलगी क्षितिजा हिचं लग्न वैशाखातलं ठरलं आणि त्याआधीच्या हिवाळ्यात आत्या बदलायला लागली. आधी झोप. तव्यावर भाकरी टाकून बसल्या जागी डुलकी घ्यायची, भाकरी कोळसा व्हायची. मी म्हटलं वय झालं. मग तोंडाला कोरड. सारखी तांब्याजवळ. गाताना जीभ टाळूला चिकटते म्हणायची. मोरीत गेली की बराच वेळ बाहेर येईना, हाक मारली तर म्हणे, "जरा दम धर, लघवी उतरत न्हाय." मग डोळ्यांपुढे धूसर. यातलं प्रत्येक दुखणं म्हातारपणाच्या नावावर खपलं. म्हातारपण हे असं खातं आहे की त्यात काहीही जमा करता येतं आणि कुणी हिशेब विचारत नाही.

मग एका सकाळी ती माझ्या क्षितिजाला "सखू" म्हणाली. सखू ही तिची बहीण, लहानपणीच गेलेली. क्षितिजा हसली, "आजी, मी क्षितिजा गं." आत्याही हसली. पण नंतर ती चुलीजवळ बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि ते मला आवडलं नाही.

मी काळजीखोर आहे हे सासरी-माहेरी दोन्हीकडे जाहीर आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. पण या वेळी मला काळजी करायला कारण होतं. मैनाआजी शेवटी भ्रमिष्ट झाली होती. मी तिला पाहिलंय. माझं लग्न झालं तेव्हा ती लेकीकडेच, आमच्या ओटीवर बसून असायची, एकाच धवल्याची अर्धी ओळ घोळवत, पुढची अर्धी काही केल्या सापडायची नाही. गावातली पोरं मुद्दाम ती ओळ ऐकायला यायची आणि फिदीफिदी हसायची. आपल्या लेकीला, म्हणजे आत्याला, ती "बाय, तू कुनाची?" असं विचारायची. आत्या तिचे केस विंचरत राहायची.

माघात पलीकडच्या गावी एक लग्न होतं. मी सोबत गेले होते. आत्या सुरात होती, देवांचं आवतण झालं, नवरानवरीच्या नावांचं गाणं लागलं. आणि तिने नवरीच्या जागी दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं. मागच्या आठवड्यात जिचं लग्न लावलं होतं, तिचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, गाण्यात ते नाव येतं तितक्या वेळा. नवऱ्यामुलाला एका परक्या बाईशी तिने भर मांडवात गाण्याने बांधून टाकलं. नवरीची आई रडायला लागली. आत्याला काय झालं ते कळेचना. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी अंबाडीची तुळजा, जी तिच्या मागे झील धरते, तिने पुढे होऊन गाणं सावरलं.

घरी येताना रिक्षात आत्या माझा हात धरून म्हणाली, "रुचिका, आयचा लागला गं मना." आईचं लागलं, म्हणजे आईचं ते दुखणं आपल्याला लागलं. "भूपेशला सांगू नको. पोरीचं लगीन होऊ दे. ती म्हनतेय आजीनंच धवला गावाचा. तवरं टिकू दे माझा डोका." मी नाही सांगणार म्हटलं. 

सांगायची गरजच पडली नाही. माघातली बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. आलेली बोलावणी एकेक करून परत गेली. कुणी तारीख बदलली म्हणालं, कुणी काहीच म्हणालं नाही. भूपेश, माझा नवरा, आईवर जीव टाकणारा, पण त्यानेही मला बाजूला घेऊन सांगितलं, "क्षितिजाच्या लग्नाला तुळजाला सांगून ठेव. मुलाकडची माणसं कडक आहेत. आईनं नावात घोळ घातला तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. माघातल्या त्या लग्नापासून आत्या गोळ्या वाढवत गेली, हे मला मागाहून कळलं. नाव चुकलं ते चुकलं, वर शिंकही यायला नको, म्हणून. आणि घसा कोरडा पडतो म्हणून खोकल्याचं गोड औषध, तेही नाक्यावरूनच.

मी तिला निजामपुऱ्यात डॉक्टर अतियांकडे घेऊन गेले. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या टाकून त्यांचा दवाखाना. कोकणी मुसलमान घरातल्या, मराठी आपल्यासारखीच बोलतात आणि रागावतातही मराठीतच. मी घरून तयारी करून गेले होते की आता मेंदूचा फोटो काढायला सांगतील, मोठं नाव असलेला आजार सांगतील, आणि मी रडायचं नाही. त्यांनी आत्याला आज वार कोणता विचारलं, ती चुकली. महिना सांगताना अडखळली. "कोणती औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फक्त बीपीची. आत्यानेही मान डोलावली.

शेजारच्या खोल्यांतून लूमची खडखड चालू होती, आणि खिडकीतून कापसाची लव आत येत होती. डॉक्टर लिहिता लिहिता शिंकल्या. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. आत्याने कमरेची चंची सोडली, पान-सुपारीच्या कप्प्यातून एक गोळी काढली आणि मायेने टेबलावर ठेवली.

"घे बाय. शिंकेची गोळी हाय. लगेच बसतंय."

डॉक्टरांनी रुमाल नाकावर धरूनच ती गोळी उचलली. मग चंची मागितली आणि टेबलावर उपडी केली. सुपारी, चुना आणि पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, काही अर्ध्या, काही रिकाम्या.

"आजी, ही किती घेता?"

"शिंक यील तशी. लगीन असला की जास्ती. ती काय औषध हाय? ती शिंकेची गोळी."

"आणि घशाला काही?"

आत्याने माझ्या पिशवीत हात घालून बाटली काढली. ती माझ्या पिशवीत कधी गेली तेही मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, मग पट्टीवरचं वाचलं, आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. दोन्हीत एकच औषध होतं.

त्या मला समजावून सांगत होत्या आणि मी नुसती बघत होते. ही ॲलर्जीची जुन्या पद्धतीची गोळी. शिंका थांबवते, पण झोपही आणते. तोंड कोरडं करते. लघवी अडवते, नजर धूसर करते. तरुण माणसाला एखाद-दुसरी पचते, पण म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात ती रेंगाळते, साठत जाते, आणि डोकं गढूळ करते. माणूस गोंधळतो, नावं चुकतो, घरच्यांना वाटतं विसरायचा आजार लागला. "घसा सुकला म्हणून तुम्ही हे औषध घेत होता आजी, आणि घसा सुकत होता तो याच्यामुळेच," त्या म्हणाल्या. रोगापेक्षा औषध भयंकर ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, तिचा अर्थ मला तिथे त्या बाकड्यावर कळला.

"म्हणजे बरी होईल ना?" मी विचारलं.

"गोळी आणि बाटली आजपासून बंद. बीपीची गोळी तशीच चालू ठेवायची, तिला हात लावायचा नाही. नाकासाठी मी फवारा देते, मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, आणि पीठ हाताळताना तोंडा-नाकाला कपडा बांधायचा. बाजारात कमी झोप आणणाऱ्या नव्या गोळ्याही आहेत, पण त्याही मला विचारल्याशिवाय नकोत. गोंधळ गोळीचा असेल तर तो हळूहळू उतरेल. नाही उतरला तर मग पुढच्या तपासण्या करू." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मी वचन देत नाही हं. काही वेळा दोन्ही असतं."

तेवढं एक वाक्य त्या बोलल्या नसत्या तर मला रात्रीची झोप लागली असती.

आम्ही उठलो. आत्या दारापर्यंत गेली आणि वळली. "डॉक्टरबाय, माझ्या आयला अंगाला खाज सुटायची. कंपाउंडर एक गोळी द्यायचा. अशीच बारीक. लय वर्सं घ्यायची ती." तिने चंची कमरेला खोचली. "आमी तिला भ्रमिष्ट म्हनलाव."

डॉक्टर अतियांनी पेन खाली ठेवलं. "आजी, ती कोणती गोळी होती ते मला आता नाही सांगता येणार."

"व्हय. आता कोन सांगनार," आत्या म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. आम्ही रिक्षा केली. माझ्या डोळ्यांपुढे ओटीवरची ती म्हातारी येत होती, आणि तिला हसणारी पोरं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जीव नुसता टांगणीला. शिंका परत आल्या, आणि अशा आल्या की मागची सगळी कसर भरून काढली. फवाऱ्याने थोडा आराम पडायचा, पूर्ण नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, अगं एवढ्या शिंका, गोळी का देत नाहीस म्हातारीला, सून आहेस की कोण? मी त्यांना फवारा दाखवायचे. पण झोप उतरली. मोरीतला वेळ कमी झाला. तांब्या जागेवर राहायला लागला. डोक्याचं मात्र कळत नव्हतं. ऑफिसात एंट्र्या करताना माझं अर्धं चित्त घरी असायचं. घरी आले की मी भिंतीआड उभी राहून ऐकायचे. आत्या तांदूळ निवडताना देवांची नावं पुटपुटायची, एका जागी येऊन अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. खाडीकाठच्या देवानंतर कोण ते तिला सापडत नव्हतं. मला ते माहीत होतं, इतकी वर्षं ऐकून. सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं तर ते तिचं तिला आलं की नाही हे कधीच कळणार नव्हतं, म्हणून मी तोंड दाबून उभी राहायचे. एका दुपारी ते नाव आलं. ती ते दोनदा म्हणाली, मग सूप झटकलं आणि मला आतूनच हाक मारली, "भिंतीमागं काय करतेस? चहा ठेव."

भूपेशला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तरीही म्हणाला, "तुळजाला बसव शेजारी. अडलीच तर." मी हो म्हटलं. माझाही भरवसा कुठे होता?

लग्नाच्या सकाळी मांडवात गर्दी झाली. आत्या नाकाला पदर बांधून चौक भरायला बसली. मी पलीकडे मुलाकडच्या बायकांना चहा देत होते, हातात ट्रे, मध्ये पन्नास माणसं. तिकडून आमच्या शेजारच्या वहिनी आल्या, आत्याजवळ वाकल्या, आणि पर्समधून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. पट्टीची चकाकी मला लांबूनही ओळखता आली. वहिनींचा हेतू वाईट नव्हता. राहीबाईच्या शिंका सगळ्या गावाला माहीत. आत्याने मूठ मिटली. पाण्याचा पेला मागितला. तेवढ्यात मुलाची मावशी माझ्यापुढे आली आणि साखर जास्त झाली म्हणून सांगायला लागली, आणि पुन्हा दिसलं तेव्हा पेला रिकामा होता, मूठ उघडी होती, आणि आत्या हात झटकत उठत होती.

 घेतली का? इतक्या दिवसांनी, रिकाम्या पोटी, आणि आता पुढे तासभर गायचं. तिच्याजवळ पोचेपर्यंत क्षितिजाला पाटावर आणलं. विचारायची वेळ गेली. तुळजा शेजारी टेकली होती. भूपेश मांडवाच्या खांबाला धरून उभा, त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

आत्याने डोळे मिटून सुरुवात केली. गावदेवी झाली. शिवेवरचा देव झाला. आवाज जुनाच होता, पण ती जपून जपून पुढे जात होती, पाय घसरेल म्हणून बांधावरून चालतात तशी. खाडीकाठचा देव आला.  आता त्याच्यापुढचं नाव. डोंगरावरचा देव आला. मग आमच्या घरची गेलेली माणसं, माझा सासरा, त्याचे वडील. आणि मधेच ती थांबली.

तुळजाने तोंड उघडलं. भूपेशने माझ्याकडे पाहिलं. आत्याचं तोंड तसंच अर्धवट उघडं होतं, डोळे मिटलेले, आणि मला ओटीवरची मैनाआजी दिसली, अर्ध्या ओळीवर अडलेली. मी मनात म्हटलं, संपलं.

आत्या शिंकली. पदर सुटला, पीठ उडालं, आणि ती परत शिंकली, इतकी मोठ्याने की कडेवरचं एक पोर रडायला लागलं.

 मुलाकडच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना वाटलं, नवरीची आई अपशकुनाने रडतेय. मी रडत होते कारण तिने गोळी घेतली नव्हती.

मुलाची आजी पुढच्या खुर्चीवर होती. ती काठी टेकून म्हणाली, "आवतण मोडला. पयल्यापासून घ्या."

म्हणजे सगळे देव पुन्हा, सगळी नावं पुन्हा. तुळजाने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला, मी गाते, अशा अर्थाने. आत्याने तो हात हळूच काढला. पदराने नाक पुसलं.

"घेते की," ती म्हणाली. "देवांना दोनदा बोलावला म्हणून ते रागावत न्हाईत."

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. एकेका देवाचं नाव घेताना ती मांडवातल्या माणसांकडे बघत होती, भूपेशकडे, तुळजाकडे, मुलाच्या आजीकडे. कुठेच अडली नाही. घरच्या गेलेल्या माणसांपाशी आली, सासऱ्याचं नाव झालं, आणि मग या गाण्यात मी कधीच न ऐकलेलं एक नाव तिने घेतलं. धवलारणीच्या माहेरची माणसं यात बोलावत नाहीत. तिने मैनेला बोलावलं, धवलारीण मैनेला, आणि म्हणाली ये, बस, तुझी अर्धी ओळ मी पुरी करते. मग तिने ती ओळ पुरी केली, आणि क्षितिजाचं नाव घेतलं.